सासूबाईंचं घुंगरू

वेळापत्रक नीट आखलं, तर कुठलीही दोन माणसं एका घरात एकमेकांना न दिसता खुशाल राहू शकतात, असं मी छातीठोकपणे सांगितलं. तो सोमवार होता.

गुरुवारी मी गाद्यांच्या कपाटात होतो.

नको, असं नको. मधलं सांगायला हवं.

आमचं पाळणाघर मेनी फार्म्स गावाच्या रस्त्यावर, पाण्याच्या टाकीपाशी. अकरा पोरं, सगळी तीन वर्षांच्या आतली. इंग्रजी बुटांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायची. आत फक्त नावाहो, अमेरिकेत इंग्रजीच्या आधीपासूनची आमच्या जमातीची भाषा. मी तिथला स्वयंपाकी, शिवाय भट्टीवाला, शिवाय किल्ल्यावाला. वय चौतीस. मला नावाहोतली चाळीसेक वाक्यं येतात, त्यातली निम्मी मेंढ्यांबद्दल. माझ्या आईला शाळेत ही भाषा बोलल्याबद्दल साबणानं तोंड धुवायला लावलं होतं, म्हणून तिनं मला ती दिलीच नाही. ती माझ्या शांडीनला मिळावी एवढ्यासाठी मी रोज पहाटे निळ्या मक्याची लापशी घोटतो.

शांडीन सव्वादोन वर्षांची. अजून एक शब्द बोललेली नाही. कुठल्याच भाषेत.

तर सोमवारी आमच्या आजीबाई, म्हणजे पोरांशी दिवसभर बोलणारी एकुलती एक म्हातारी, बर्फावरून घसरल्या आणि खुबा मोडून बसल्या. आणि गुरुवारी विंडो रॉकहून, आमच्या जमातीच्या राजधानीतून, तपासणी! अस्खलित नावाहो बोलणारं मोठं माणूस हजर हवं आणि पोरं बोलताना दिसायला हवीत, नाहीतर पाळणाघर बंद. मग शांडीन जाणार चिनलीच्या इंग्रजी पाळणाघरात, आणि तिचा पहिला शब्द असणार ‘बिस्किट’.

आमची मुख्य, आर्डिथ, वहीत नावं लिहीत होती आणि खोडत होती. शेवटी एकच उरलं.

"बेसी," ती म्हणाली. "तुझी सासू."

इथं थोडं थांबायला हवं. आमच्यात जावयानं सासूकडे बघायचं नाही. बघितलं तर डोळे जातात. हल्ली पुष्कळ लोक पाळत नाहीत. सासूबाई पाळतात. मी मानतो का? डोळे पणाला लावून कोण खात्री करून घेणार! लग्नाला सात वर्षं झाली, मी त्यांच्या धुराड्यातला धूर तेवढा बघितलाय. त्या मला खोकल्यावरून ओळखतात. आमचे संबंध उत्तम आहेत.

माझी बायको शेरिलिन आईकडे जाऊन आली. आई यायला तयार होती. अट एकच, तो माणूस नजरेला पडता कामा नये. मग त्या माणसानं रजा घ्यावी, असं शेरिलिनचं म्हणणं. पण आर्डिथ म्हणाली की कागदावर आजी एक, स्वयंपाकी एक, दोघेही जागेवर लागतात.

आणि तेव्हा मी ते वेळापत्रकाचं बोललो.

योजना साधी होती. जुन्या काळी सासवा घागऱ्याला घुंगरू बांधायच्या, जावयाला आधीच कळावं म्हणून. सासूबाईंकडे त्यांच्या आजीचं चांदीचं घुंगरू होतंच. ते वाजलं की मी तोंडावर एप्रन घेऊन उलट्या पावलांनी कोठीत जायचं, आणि जाताना मोठ्यानं सांगायचं, म्हणजे मी कुठे आहे ते त्यांनाही कळेल. इंग्रजीला बंदी, म्हणून ते वाक्य नावाहोत घोकून ठेवलं: बघू नका, माझी सासू येतेय.

मंगळवार आणि बुधवार झकास गेले! घुंगरू, वाक्य, एप्रन, कोठी. घुंगरू, वाक्य, एप्रन, कोठी. दिवसातून चाळीस वेळा. कोठीच्या दाराला माझी पाठ इतकी सवयीची झाली की खुंटीचा आकार शर्टावर उमटला. पोरं माझ्याकडे टक लावून बघायची. मला वाटलं, गंमत वाटत असेल.

गुरुवार.

दोन बाया आल्या. एक तरुण, कागदवाली. एक म्हातारी, मखमली झंपरवाली, जिच्या नजरेतून डाळीतला खडा सुटणार नाही अशी. दोघी बसल्या. आणि आमची अकरा पोरं, जी एरवी छप्पर उडवतात, ती दगडासारखी गप्प. सासूबाईंनी कोकराची गोष्ट काढली. गप्प. बोटं मोजली. गप्प. अर्धा तास मला भिंतीपलीकडून फक्त कागदवालीचं पेन ऐकू येत होतं.

मग घुंगरू वाजलं. स्वयंपाकघराच्या दारातच.

मी वाक्य म्हटलं, लापशी तशीच सोडली आणि कोठीत गेलो. घुंगरू कोठीत आलं! मी मागच्या दारानं न्हाणीघरात. घुंगरू न्हाणीघरात. सात वर्षांची रीतभात टाकून ही बाई माझा पाठलाग का करतेय? मी डोळे मिटून भिंत चाचपत पळालो, गुडघा बादलीवर आपटला, आणि हाताला जे पहिलं दार लागलं ते उघडून आत शिरलो. गाद्यांचं कपाट.

सासूबाईंनी काय केलं होतं ते मला नंतर कळलं. ‘की’ नावाचं एक पोर आईसाठी रडत होतं, म्हणून त्यांनी घुंगरू सोडून त्याच्या हातात दिलं. मी दोन वर्षांच्या पोरापासून पळत होतो.

घुंगरू कपाटापाशी येऊन थांबलं. मी आतून, शक्य तितक्या अदबीनं, वाक्य म्हटलं.

बाहेरून दहा आवाजांनी तेच वाक्य परत आलं. बघू नका, माझी सासू येतेय! एकदा, दोनदा, पाच वेळा. सगळ्या खोलीत धावाधाव, आणि प्रत्येक जण तोंडावर सदरा ओढून उलटा चालतोय, असं आर्डिथ सांगते.

म्हातारी तपासनीस कीला विचारत होती, "लग्नाला किती वर्षं झाली रे तुझ्या?"

कीनं म्हणे सरळ सासूबाईंकडे बोट दाखवलं. त्या हसल्या. त्यांचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. कोरड्या शेंगा हलवल्यासारखं होतं.

आणि मग कपाटाच्या फटीपाशी, सगळ्यांच्या मागून, एक नवा आवाज. घोगरा, सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवणारा. माझी. सासू. येतेय.

तो आवाज मी कधीच ऐकला नव्हता, तरी ओळखला. हात दाराच्या कडीवर गेला. तेवढ्यात सासूबाईंनी तिला उचलून घेतलं, हे त्यांच्या धापेवरून कळलं. दोघी अगदी दाराबाहेर. दार उघडलं तर लेकही दिसणार आणि त्याही. मी कपाळ गादीत खुपसून उभा राहिलो.

"शांडीन," सासूबाई तिला म्हणाल्या, जरा मोठ्यानंच, "तुझ्या बापाला सांग, लापशी करपली."

अहवाल परवा आला. पोरं आपणहून बोलतात. आजी उत्तम. पाळणाघर चालू ठेवावं. मात्र स्वयंपाकघरात कोणी आढळलं नाही, चुलीवर पातेलं जळत होतं. सबब स्वयंपाक्याची जागा रिकामी धरून ताबडतोब भरावी.

मी अर्ज केलाय. त्याला पाळणाघरातल्या वडीलधाऱ्या व्यक्तीची शिफारस लागते. शेरिलिननं कागद नेला, तेव्हा सासूबाईंनी तो दोनदा वाचून घेतला आणि परत पाठवला. म्हणाल्या, ज्या माणसाला कधी बघितलंच नाही, त्याची शिफारस कशी करू?