पंतप्रधानांचं पत्र आणि दारातला पाइप

वस्तू जपाव्यात तर आम्हीच! माझ्या कपाटात जुन्या मुत्सद्द्यांची अकरा चरित्रं आहेत. सगळी कातडी बांधणीची, सोनेरी कडांची, आणि प्रत्येकात त्या त्या मुत्सद्द्याच्या हातचं एक अस्सल पत्र बांधून घेतलेलं. हात धुतल्याशिवाय मी ही पुस्तकं उघडत नाही. बायको म्हणते, एवढे स्वच्छ हात यांचे जेवतानाही नसतात.

बारावं चरित्र होतं एका दिवंगत पंतप्रधानांचं. त्यांचं पत्र मिळवायला मी सहा वर्षं घालवली होती. ते चरित्रात बांधून घ्यायचं आणि रविवारी निवृत्त न्यायाधीशांना दाखवायचं, असा बेत होता. हे न्यायाधीश आमच्या छंदातले वडीलधारे. त्यांच्याकडे अशी दीडशे पुस्तकं! माझ्या कपाटाकडे ते नेहमी ‘चालू द्या’ अशा नजरेनं बघायचे. या वेळी त्यांची बोलती बंद करायचीच, असं मी ठरवलं होतं.

ज्या सकाळी मी पत्र घेऊन बाइंडरकडे निघालो, त्याच सकाळी बायकोनं पाणीखात्याला चौदावं तक्रारपत्र लिहिलं. आमच्या दारासमोरचा पाइप तीन वर्षं गळत होता. ती म्हणाली, जाताच आहात तर हेही देऊन या. पत्रं दोन, पाकिटं दोन. मी स्वतः पत्रं पाकिटात घातली, स्वतः चिकटवली. असली नाजूक कामं मी दुसऱ्या कुणावर टाकतच नाही!

चौथ्या दिवशी दारात सात माणसं कुदळी घेऊन हजर. संध्याकाळपर्यंत नवा पाइप बसला, वर डांबरही पडलं. शेजारी बायकोचं अभिनंदन करून गेले. तीही ऐटीत सांगत होती की या वेळी भाषाच तशी वापरली होती.

गुरुवारी पुस्तक आलं. गडद लाल कातडं, ताठ कणा, काय देखणं दिसत होतं! मी हात धुतले, कोरडे केले, बायकोला समोर बसवलं आणि अलगद पान उलटलं.

“हे माझं अक्षर आहे,” बायको म्हणाली.

खरंच होतं. पंतप्रधानांच्या छायाचित्रासमोर, सोनेरी चौकटीत, ‘आपल्या खात्याला लाज कशी वाटत नाही’ हे वाक्य झळकत होतं. मी बाइंडरला फोन केला. त्यानं शांतपणे सांगितलं की तो फक्त बांधतो, वाचत नाही.

माझ्या पायांखालची जमीनच सरकली. म्हणजे माझी सहा वर्षांची मेहनत पाणीखात्यात! मी दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून धावत सुटलो.

तिथले अधिकारी माझा पत्ता ऐकताच उभे राहिले आणि त्यांनी स्वतःची खुर्ची मला दिली. टेबलावर माझं पत्र होतं. ‘वारंवार लिहूनही आपण हालचाल केलेली नाही. आठ दिवसांत काम पुरे करून कळवावे.’ कुठलं काम, त्याचा उल्लेख नाही. पण पाकिटावर आमचा पत्ता होता, आणि पत्रावर तारीख होती सत्तेचाळीस वर्षांपूर्वीची.

“पुढच्या आठवड्यात तपासणी आहे,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “एवढी जुनी तक्रार सापडली असती तर माझी नोकरी गेली असती. साहेब, तुम्ही इतकी वर्षं थांबलात तरी कसे?”

सही कुणाची, हे त्यांनी विचारलं नाही. मीही मूग गिळून गप्प बसलो. काम झाल्याचं लिहून दिल्यावर त्यांनी पत्र आनंदानं परत केलं. असला पुरावा कुणाला फायलीत हवा असतो! पण त्याची काय दशा झाली होती! कडेला दोन भोकं, मधोमध गोल शिक्का, आणि पंतप्रधानांच्या सहीवर लाल शाईत आडवं लिहिलेलं: ‘काम पूर्ण. फाइल बंद.’ खोटं कशाला सांगू, मला रडूच कोसळलं.

रविवारी न्यायाधीश आले. बांधलेलं पत्र काढायला बायकोनं साफ मनाई केली होती, म्हणून पंतप्रधानांचं मी तिच्या पत्राशेजारी नुसतं सरकवून ठेवलं होतं. घडलेलं सगळं मी सांगून टाकलं. न्यायाधीशांनी भिंग काढलं, शिक्का पाहिला, लाल शाई पाहिली. मग भिंग पुसून दोन्ही पुन्हा पाहिलं.

“या गृहस्थांची एकोणीस पत्रं आहेत माझ्याकडे,” शेवटी ते म्हणाले. “सगळ्यांत असेच हुकूम. पण ज्याची अंमलबजावणी झाली, असं एकही नाही.”

या एका पुस्तकाच्या बदल्यात त्यांनी आपली चार पुस्तकं देऊ केली. मी नाही म्हणालो! त्यांना नाही म्हणताना मला जो आनंद झाला, तो सहा वर्षांनी पत्र हाती आलं तेव्हाही झाला नव्हता.

फक्त एक अडचण आहे. गल्लीतले तीन दिवे कधीचे बंद आहेत. काल बायकोनं सहज विचारलं की तुमच्या मुत्सद्द्यांपैकी सगळ्यांत चिडकं पत्र कुणाचं? मी बेसावधपणे सांगून बसलो. तेव्हापासून मला कपाटाची किल्ली सापडत नाहीये.