तोंडी मिलान

आमच्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात उत्तमभाऊ कॉम्प्युटरवरच्या दोन फायलींचं मिलान तोंडानं करायचे. एका टेबलावर ते, समोर भिंतीला टेकून रामदासजी, दोघांपुढे एकेक कॉम्प्युटर. भाऊंकडे वडनेरच्या खरेदी केंद्रातून फ्लॉपीवर आलेली एक्सेलची फाईल, रामदासजींकडे आमच्या वजनकाट्याची. भाऊ खणखणीत आवाजात वाचणार, "महादेव उरकुडा, बारा क्विंटल," आणि रामदासजी म्हणणार, "हो." रोज संध्याकाळी हे रस्त्यापलीकडच्या पानठेल्यापर्यंत ऐकू जायचं.

मी तेव्हा वर्ध्याहून कॉम्प्युटरचा कोर्स करून नवीनच हिंगणघाटला लागले होते, त्यामुळे डोक्यात भरपूर हवा. एकदा रामदासजी रजेवर होते म्हणून त्यांच्या जागी मला बसवलं. मी आपली मान हलवत होते.

"मान काऊन हालवता ताई? माहे डोये स्क्रीनवर. तोंडानं म्हणा."

घरीही तेच. पुतणीच्या लग्नपत्रिकेचे दोन नमुने आले, तर भाऊंनी नवरदेवालाच समोर बसवलं. बिचाऱ्याला स्वतःच्या नावाला, बापाच्या नावाला आणि मुक्कामपोस्टाला "हो" म्हणावं लागलं. लग्न मोडलं नाही हे नशीब.

मग नवीन मॅनेजर आले. पहिल्याच संध्याकाळी म्हणाले, "हे काय भजन चाललंय? मॅडम, फॉर्म्युला टाका. मशीन करत असेल तर यातली एक खुर्ची उचलू." आणि रामदासजींच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"माह्या हयातीत मिलान तोंडानंच होईन," भाऊ म्हणाले. "लिहून घ्या साहेब."

मी फॉर्म्युला टाकला, तर अख्खी फाईल लाल. वडनेरचा ऑपरेटर प्रत्येक शेतकऱ्याच्या नावाआधी 'श्री' लावायचा, आमचा काटेवाला नाही. भाऊ कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"बढिया. एक श्री लागला का तुमच्या मशीनले सारं गाव परकं."

मला झोंबलं. दुसऱ्या दिवशी मी ते श्री काढून टाकले आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मिलान तयार. भाऊंनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. उलट आवाज चढवून वाचायला लागले. हट्टी म्हातारा, मी मनात म्हटलं.

मॅनेजरनी सांगितलं, हाच फॉर्म्युला रामदासजींच्या कॉम्प्युटरवर टाका, मग खुर्चीचं बघतो. वाचन चालूच होतं. मी वळसा घालून रामदासजींच्या बाजूला गेले.

त्यांचा स्क्रीन काळा होता. मॉनिटरची वायरच लावलेली नव्हती.

"गणपत लोणारे, नऊ क्विंटल," भाऊंनी वाचलं.

"हो," काळ्या काचेकडे बघत रामदासजी म्हणाले.

मी तिथंच उभी. भाऊ वाचायचे थांबले.

"मांगच्या रजेतच साखरेनं डोये गेले त्याचे," ते हळू आवाजात म्हणाले. "दोन्ही फायली मी सकाळीच येऊन पाह्यतो. चूक निंघाली तं मले धरा. पण रिटायर होयेपर्यंत तो इथंच बसन."

"म्या म्हटलं होतं त्याले, राहू दे म्हणून," रामदासजी खाली मान घालून म्हणाले. "आयकत नाई तो."

"तू चूप रे." मग माझ्याकडे वळून, "तुमाले साहेबाले सांगाचं असन तं सांगा. मी काई हात जोडून नाई राह्यलो."

हात जोडले असते तर बरं झालं असतं. मला रडू येत होतं आणि रागही. त्या मॅनेजरचा, आणि ज्याच्यावर मी एवढी फुशारले होते त्या माझ्या फॉर्म्युल्याचा.

केबिनचं दार उघडलं. नशीब, मॉनिटरची पाठ तिकडे होती.

"टाकला का फॉर्म्युला?"

"नाही साहेब. या कामाला चालत नाही."

"काल तर चालला ना?"

"काल चालला. आता चालणार नाही."

त्यांनी माझ्याकडे, मग भाऊंकडे पाहिलं. "म्हणजे एवढ्याशा कामाला दोन माणसं लागणारच?"

"तीन लागतील," मी म्हटलं, आणि खुर्ची ओढून रामदासजींच्या शेजारी बसले.