खोली नंबर तेवीसवरच्या सतरा हरकती

घर घ्यायचं-विकायचं असेल तर वकील कसा निवडावा, हे अख्ख्या लालबागेत फक्त मला कळतं! हे मी म्हणत नाही, आमच्या ऑफिसातला शिपाई म्हणतो. त्याला ते मीच सांगितलंय ही गोष्ट वेगळी.

दोन हजार दोन सालची गोष्ट. डोंबिवलीत एक ब्लॉक ठरवला होता. हॉल, एक खोली, स्वयंपाकघर आणि घरातल्या घरात संडास! कमल, म्हणजे माझी बायको, चोवीस वर्षं चाळीच्या टोकाला डबा घेऊन रांगेत उभी राहिलेली बाई. ब्लॉक बघायला गेलो तेव्हा तिनं हॉल बघितला नाही की ओटा बघितला नाही. सरळ संडासात शिरली, आतून कडी लावली आणि पाच मिनिटं बाहेरच येईना! मी आणि बिल्डर बाहेर एकमेकांकडे बघत उभे. शेवटी डोळे पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "हाच घ्यायचा."

बिल्डरनं बजावलं, "तीस तारखेपर्यंत बाकीचे पैसे आणा, नाहीतर ब्लॉक दुसऱ्याला."

पैसे यायचे होते आमची लालबागची खोली नंबर तेवीस विकून. खोली पागडीची. म्हणजे भिंती घरमालकाच्या आणि राहायचा हक्क आमचा. मालकाची संमती असली की तो हक्क दुसऱ्याच्या नावावर करता येतो. मालक तयार होता. गिऱ्हाईकही तयार होतं. चाळीखालीच चष्म्याचं दुकान असलेला जयवंत. राहता राहिला वकील.

मी तीन वकील पाहिले. पहिला फोर्टातला. तो माझ्याकडे कमी आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे जास्त बघत होता. टॅक्सीत मीटर बघतात ना, तसा! मी नमस्कार आवरता घेऊन सटकलो. दुसरा परळचा. त्यानं माझ्या चुलतभावाला मारामारीच्या केसमधून सोडवलेलं. टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "घाबरू नका! मी आहे ना!" आता खोली विकायला मी कशाला घाबरू? पण त्यानं असं म्हटल्यावर घाबरलो. तिसऱ्या ठाकूरद्वारच्या मृणालिनीबाई. त्यांनी धीर दिला नाही, चहासुद्धा दिला नाही. म्हणाल्या, "भाडेपावती दाखवा." मग करारनामा, मग वडिलांचा मृत्यूदाखला. मी ओळखलं, हीच! जो वकील कागद मागतो तो आपला, जो धीर देतो तो दुसऱ्याचा. लिहून ठेवा!

बाईंनी शेवटी विचारलं, "खोलीवर आणखी कुणाचा हक्क?"

"छे! आई, वडील, मी आणि कमल. विषय संपला," मी छाती काढून सांगितलं.

"तरी जयवंतरावांसाठी जाहीर नोटीस देऊ. पेपरात येईल. चौदा दिवसांत कुणी लेखी हरकत घेतली नाही, तर हक्क निर्वेध. तुम्ही फक्त चौदा दिवस गप्प बसा."

अहो, गप्प कसा बसणार? सोमवारी पेपर उघडला, तर छापील अक्षरांत "श्री. दौलत राजाराम घाडीगावकर"! आमच्या सात पिढ्यांत कुणाचं नाव पेपरात आलेलं नाही. वडिलांनी पस्तीस वर्षं गिरणीत माग चालवले, ब्याऐंशीच्या संपात उभे राहिले, पण नाव कुठं आलं? फक्त रेशनकार्डावर! मी पेपरच्या पंचवीस प्रती घेतल्या. लाल पेन्सिलीनं चौकट केली. चाळीत वाटल्या, चार गावाला पाठवल्या, एक फ्रेम करून घेतली. तेवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण रविवारी आमच्या गावमंडळाची सत्यनारायणाची पूजा होती. आरती झाल्यावर मी माइक हातात घेतला आणि नोटीस मोठ्यानं वाचून दाखवली. टाळ्या पडल्या. त्यातलं शेवटचं वाक्य मी जरा जास्तच ठणकावून वाचलं, "सदर खोलीवर कोणाचाही कसलाही हक्क वा हितसंबंध असल्यास त्यांनी चौदा दिवसांचे आत लेखी कळवावे!"

टाळ्या थांबल्या. मांडवात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, भारावले.

बाराव्या दिवशी बाईंचा ऑफिसात फोन. "घाडीगावकर, खोलीत किती जण राहत होतात म्हणालात?"

"चौघं."

"माझ्यासमोर सतरा हरकती आहेत."

आता तुम्हाला सांगायलाच हवं. आमची खोली नुसती आमची नव्हती. गिरणगावात तशी कुणाचीच नसायची. गावाहून आलेला माणूस आधी आमच्याकडे उतरायचा आणि मग उतरलेलाच राहायचा. असे सोळा गाववाले, आणि त्या सगळ्यांना जेवू घालणारी सुभद्रामावशी. पण गर्दी कधी जाणवली नाही, कारण गिरणीच्या पाळ्या तीन. काही कामावर, काही झोपलेले, काही नाक्यावर. एक उठला की त्याच्याच गरम वळकटीवर दुसरा आडवा! संप झाला, तिन्ही पाळ्या एकदम घरी आल्या आणि तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं, की खोली दहा बाय बाराची आहे.

बाईंनी फोनवरच हरकती वाचल्या. कुशाबाकाकांनी लिहिलं होतं, "खिडकीखालील जागा, रातपाळीनंतर, सकाळी आठ ते दुपारी दोन, बारा वर्षे." सात जणांनी पोटमाळ्यावर पत्र्याच्या ट्रंकांचा हक्क सांगितला होता. बाकीच्या आठांनी खुंट्यांचा. त्यातले तिघं तर वारलेले, त्यांच्या मुलांनी वडिलांच्या खुंटीवर वारसा लावला होता! आणि मावशींचा अंगठा, "चुलीचा कोपरा."

"आता?" मी विचारलं.

"आता सतराही जणांच्या 'हक्क नाही' म्हणून सह्या आणा. जयवंतराव त्याशिवाय व्यवहार करणार नाहीत, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही केला नसता."

तीस तारखेला सहा दिवस उरले होते. मी घरी हे सांगितलं. कमल डबा घेऊन रांगेत जाऊन उभी राहिली. चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं!

रविवारी सगळ्यांना खोलीवर बोलावलं. मृणालिनीबाई कागद घेऊन आल्या. जयवंत दारात उभा. मी म्हटलं, "काका, पैसे हवेत का तुम्हाला?"

कुशाबाकाका असे भडकले, की टोपी खाली पडली. "पैशे? कोणी मागल्यान तुज्याकडे पैशे? माइकावरसून इचारलंस, हक्क आसा काय म्हणान. आसा! म्हणान लिवलंय!"

"पण मग इथं सही करा, की हक्क नाही."

"तां मी लिवन देवचंय नाय! बारा वर्सां हयसर निजलंय मी. तुजो बापूस माका जाग येयत म्हणान भायर जावन खोकायचो. आणि मी लिवू, माजो हक्क नाय?"

सुभद्रामावशींनी बाईंचा हात धरला. "गो बाये, संपात पेज केली ती हयच. सोळा जणांका एक टोप. एक कोण उपाशी रवलो नाय. तो कोपरो माजो नाय तर कोणाचो?"

खरं सांगू? मला रागच येईना. नाक्यावर आलिशान टॉवर उभे राहताहेत, पण सतरा माणसं भांडून हक्क सांगतील असा एक तरी ब्लॉक आहे का त्यांत? माझ्या बापानं दहा बाय बारात सतरा माणसांना जागा दिली! माझी छाती एवढी फुगली, की शर्टाचं बटण ताणलं. पण तीस तारखेचं काय?

तेवढ्यात कमल उसळली. "हक्क हवाय ना? मग उचला आपापला हक्क आणि चला डोंबिवलीला! ट्रंका आणा, खुंट्या आणा! पण मला एकदा त्या घरात जाऊ द्या!"

बिचारी रागानं बोलली. पण कुशाबाकाकांचा चेहरा उजळला. "खरां?"

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "असं लिहिता येईल. 'माझा वरील हक्क श्री. दौलत यांचे नवीन घरात कायम राहील, या अटीवर मी सदर खोलीवरील हक्क सोडीत आहे.' चालेल?"

"चलात!" सतरा आवाज एकदम! भराभर सह्या झाल्या, अंगठे उठले. शेवटी कागद माझ्यापुढे आला.

"वाचून सही करा," बाई म्हणाल्या. "हे तुम्हाला बांधील राहील."

"वाचायचं काय त्यात? माझीच माणसं!" मी झोकात सही ठोकली. एकोणतीस तारखेला जयवंतचे पैसे आले, तीसला ब्लॉक ताब्यात. बघितलंत? वकील निवडावा तर असा!

आता दर रविवारी कुशाबाकाका सकाळी आठच्या ठोक्याला डोंबिवलीत हजर. खिडकीखाली आडवे, ते दोनपर्यंत. तोवर आम्ही हॉलमध्ये चवड्यांवर चालतो. पलंगाखाली सात ट्रंका आहेत. भिंतीवर आठ खुंट्या आहेत, त्यांना माझा शर्ट लावायची सोय नाही. ओट्याशी सुभद्रामावशी असतात, आणि कमलनं आमटीत मीठ किती घालायचं ते त्या ठरवतात.

मग हे सगळं मी कुठं बसून लिहितोय? संडासात! चाळीतल्या खोलीत संडास नव्हता, त्यामुळे त्यावर एकाही गाववाल्याला हक्क सांगता आला नाही. अख्ख्या ब्लॉकमध्ये निर्वेध अशी ही एकच जागा! कडी लावली, कागद मांडीवर घेतला आणि...

धाड धाड धाड!

"बाहेर या!" कमल.

"अगं, जरा लिहितोय..."

"चोवीस वर्षं रांगेत कोण उभं होतं? माझी हरकत आहे! आणि लेखी देणार नाही!"

कडी काढली. दारात कमल, तिच्या मागे कुशाबाकाका, त्यांच्या मागे सुभद्रामावशी. लिहिण्याच्या नादात खरं काम राहूनच गेलं होतं, हे मला तेव्हा आठवलं. मी गुपचूप मावशींच्या मागे जाऊन उभा राहिलो.