निमकरबाईंचा डावा हात

आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येक बाईच्या क्रीमच्या डबीत, उजव्या कडेला, वाटाण्याएवढा एक खड्डा असतो. तो निमकरबाईंनी पाडलेला असतो. डबी उल्हासनगरहून आणलेली असो नाहीतर कुणाच्या मुलीने परदेशातून पाठवलेली, मालकिणीचं बोट तिच्यात नंतर पडतं. आधी बाईंचा स्टीलचा चमचा.

"सॅम्पल," असं म्हणून त्या दारात उभ्या राहतात. एका हातात चमचा, दुसऱ्या हातात काचेची इवलीशी बाटली आणि बाटलीवर चिकटवलेल्या पट्टीवर त्या-त्या फ्लॅटचा नंबर आधीच लिहिलेला. आपण क्रीम आणलं हे यांना कुणी सांगितलं, ते विचारायची सोय नाही. वाटाणाभर क्रीम काढून घेतात आणि जाताना एकच शब्द टाकतात, "होल्ड." म्हणजे निकाल लागेपर्यंत तोंडाला लावायचं नाही. बरोबर अठ्ठेचाळीस तासांनी जिन्यात गाठून सांगतात, "पास," नाहीतर "फेल." कारण विचारलं तर म्हणतात, "कारण लॅबपाशी. तुम्ही निकाल घ्या."

निमकरबाई तिसऱ्या मजल्यावर ३०४ मध्ये एकट्या राहतात. वय अडुसष्ट. लग्न केलं नाही. आई होती, ती काही वर्षांपूर्वी गेली. इथेच, अंबरनाथच्या एमआयडीसीत, रंगाच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली. खाली कामगार माल बनवायचे आणि वर बाई त्यातला चमचाभर घेऊन तो पास की फेल ते ठरवायच्या. रिटायर झाल्यावर कंपनीने त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ त्यांनी तीन दिवस मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहिलं आणि मगच खिळा ठोकला.

कंपनी सुटली, पण तपासणी सुटली नाही. सोसायटीचा नवा वॉचमन महिनाभर होल्डवर होता. माझ्या मुलाचं, निखिलचं लग्न ठरल्याचे पेढे घेऊन मी वर गेले, तेव्हा बाईंनी पेढा उजेडात धरला, हुंगला, खाल्ला आणि विचारलं, "मुलगी पास?"

मी कुणावर उगाच संशय घेत नाही. पण दोन गोष्टी माझ्या डोक्यातून जात नव्हत्या. एक म्हणजे, भर मे महिन्यात ही बाई मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाउज घालते. आणि दुसरी, तिचा चेहरा. पावडर नाही, लिपस्टिक नाही, काही नाही, तरी गाल असा तुकतुकीत की आपण बघत राहावं. १०२ मधल्या लाजवंतीआंटीने तर निकालच देऊन टाकला होता. "वहिनी, सत्तर की होने आयी, एक डाग नाही! कुठून आलं? पूरी बिल्डिंग का माल तिच्या तोंडावर आहे, मी सांगते तुम्हाला."

माझ्या घरी केकसाठी आणलेला छोटा वजनकाटा होता. एकदा मी बाई यायच्या आधी आणि गेल्यावर डबीचं वजन करून पाहिलं. एक ग्रॅमचा फरक आला. आता अठ्ठावीस फ्लॅट धरले तर महिन्याला एका बाईच्या तोंडाला पुरून उरेल एवढा माल होतो. हे मी फक्त लाजवंतीआंटीला सांगितलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं.

पण गरज पडली तेव्हा मीच त्यांच्या दारात गेले, हे कबूल केलं पाहिजे.

झालं असं, की निखिलचा साखरपुडा सोनिवलीला, मुलीकडच्या कॉम्प्लेक्सच्या हॉलमध्ये होता. मी पार्लरमध्ये जाऊन बसले. तिथल्या पोरीने माझ्या चेहऱ्यावर तीन थर चढवले आणि म्हणाली, "आंटी, एचडी आहे, काहीच दिसणार नाही." सगळं दिसलं. तासाभरात पावडर एकेका सुरकुतीत जाऊन बसली. हसले की गालाला चिरा पडायच्या, म्हणून मी हसणं बंद केलं. तेवढ्यात मुलीच्या आत्याने मला प्रेमाने हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "तुम्ही मुलाची आजी का?" मी एकोणसाठ वर्षांची आहे. घरी आल्यावर फोटो बघताना आमचे हे म्हणाले, "ही कोण गं? तुझी मावशी आली होती?" माझी मावशी वारून दहा वर्षं झाली. मी बाथरूमचा नळ सोडून रडले.

लग्नाला दीड महिना उरला होता. वरमाय म्हणून स्टेजवर उभं राहायचं होतं, आणि पुन्हा कुणी आजी म्हटलं तर मला सहन झालं नसतं. फोटो घेऊन मी ३०४ ची बेल वाजवली.

बाईंनी चष्मा बदलला, फोटो मोठा करून पाहिला. "पावडर फेल. रंग फेल. तुम्ही पास," त्या म्हणाल्या. "मालात खोट नाही सावंतवहिनी, प्रोसेस चुकलीय. तरुण दिसायला जायचं नाही. झोप झालेली दिसायचं. आपल्या वयात तेवढं पुष्कळ."

दुसऱ्या दिवशी आम्ही उल्हासनगरला. दुकानात एवढे दिवे, की कुठलाही रंग लावा, आपण सुंदरच दिसतो. बाईंनी फाउंडेशनचा एक ठिपका माझ्या जबड्याच्या कडेला लावला आणि मला दंडाला धरून बाहेर उन्हात आणलं. पर्समधून आरसा काढला. मग वीस मिनिटं आम्ही फुटपाथवर उभ्या, कारण रंग सुकल्यावर बदलतो का ते बघायचं होतं. शेठ कंटाळून बाहेर आला. "माताजी, अंदर इतना लाइट लगाया है, आप बाहर क्यूँ जाते हो?"

"इतना लाइट लगाया है, इसीलिए," बाई म्हणाल्या.

प्रत्येक डबीची तारीख त्यांनी भिंग लावून वाचली. अकरा डब्या फेल केल्यावर शेठने विचारलं, "आप सरकार की तरफ से आये हो क्या?" आणि बाराव्या डबीला त्याने स्वतःहून दोघींना स्टूल दिलं.

मग रोज सकाळी माझी शिकवणी सुरू झाली. आधी ओलावा देणारं क्रीम, मग कुकरच्या दोन शिट्ट्या होईपर्यंत थांबायचं, ते कातडीत मुरलं पाहिजे. फाउंडेशन सगळीकडे थापायचं नाही, डाग आहेत तिथेच, बोटाने दाबून. पावडर फक्त नाकाला. गालाला लाली क्रीमची, हसल्यावर गाल वर येतो त्याच्याही जरा वर. काजळ खालच्या पापणीला बंद, तिथे ते पसरतं आणि डोळे सुजल्यासारखे दिसतात. माझी तीस वर्षांची लाडकी चॉकलेटी लिपस्टिक त्यांनी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. "हिने ओठ गायब होतात. आठवण म्हणून ठेवा." गॅलरीत कपडे वाळत घालायला जातानासुद्धा उन्हाचं क्रीम लावायचं, तेही मानेला आणि हातांना. आरशात मला माझाच चेहरा दिसायला लागला, आणि तो बरा होता. मी बाईंना मनातल्या मनात माफ करत आणलं होतं.

तेवढ्यात रुचाने डबी आणली. रुचा म्हणजे माझी होणारी सून. छोटीशी, जड काचेची डबी, आत रात्री लावायचं क्रीम. "आई, रोज लावा हं, लग्नापर्यंत मस्त ग्लो येईल." तिने मला पहिल्यांदा आई म्हटलं ते त्या दिवशी. ती डबी मी देवापुढे ठेवायची तेवढी बाकी ठेवली.

बाई चमचा घेऊन आल्या. अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा आल्या, आणि म्हणाल्या, "फेल. डबी द्या."

"अख्खी?"

"फेल माल परत वापरात जाता कामा नये."

"पण झालं काय? काही पुरावा?"

"आहे माझ्याकडे," असं म्हणून त्यांनी डबी उचलली आणि जिना चढून गेल्या. मी दारात तशीच उभी. एवढी वर्षं वाटाणा नेत होती, आता डबीच नेली.

रुचाचा रोज फोन. "आई, लावताय ना?" मी रोज खोटं बोलायची. सुनेशी नातं जुळायच्या आधीच खोटं, तेही या बाईपायी, म्हणून माझा जळफळाट व्हायचा. लिफ्टमध्ये, गच्चीवर, भाजीवाल्यापाशी, मी जिथे उभी राहिले तिथे त्या डबीचा विषय काढला. बायकांनी ठरवूनच टाकलं. बाई चमचा घेऊन आल्या की, "क्रीम? नाही हो, संपलं." एकदा मी दाराच्या फटीतून पाहिलं. बाई समोरच्या बंद दारापुढे जराशा थांबल्या, बाटलीवरची पट्टी नखाने खरवडून काढली आणि वर निघून गेल्या. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. आज ते आठवलं की लाज वाटते.

लग्न रविवारी, बदलापूरच्या हॉलमध्ये. गुरुवारी सकाळी घरी कासारीण आली, हिरवा चुडा भरायला. बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका माझ्या हॉलमध्ये सतरंजीवर बसल्या होत्या. निमकरबाईंना बोलावणं मीच पाठवलं. हेतू चांगला नव्हता. चारचौघींत विचारायचं ठरवलं होतं, माझी डबी कुठे आहे. पुरावा काय, ते सगळ्यांसमोर दाखवा.

बाई आल्या, कडेला बसल्या. "मला नको," म्हणाल्या. कासारीण ऐकेना. "असं कसं मावशी? लग्नघरातनं हात रिकामा घेऊन जात्यात व्हय?" बाईंनी उजवा हात पुढे केला. त्यात बांगड्या भरून झाल्या. डावा मात्र त्यांनी पदराखाली घेतला.

"मावशी, एका हातात नाय भरत. आणा हिकडं."

"राहू दे."

आता मी तोंड उघडलं. "निमकरबाई, हात दाखवायला एवढं काय झालं? आणि हो, माझी ती डबी..."

पुढचं माझ्या तोंडात राहिलं. कासारणीने हात ओढून घेतला होता आणि सवयीने बाही कोपरापर्यंत सारली होती.

मनगटापासून कोपरापर्यंत, आतल्या बाजूने, निळ्या बॉलपेनने आखलेले छोटे छोटे चौकोन होते. प्रत्येक चौकोनावर नंबर. १०२. २०१. ४०३. १०४. काही पुसट झालेले, काही ताजे. बऱ्याच चौकोनांत काहीच नव्हतं. दोन-तीन काळपट पडलेले. आणि कोपराजवळच्या एका चौकोनात कातडी लालभडक होऊन सोलली होती, कडेने खपली धरली होती. त्याच्यावर लिहिलं होतं, २०३. माझा फ्लॅट.

लाजवंतीआंटीने हात तोंडावर ठेवला. "हाय राम, एकशे दो तर माझा आहे."

"बाई, हे काय?" मी विचारलं.

"लॅब," त्या बाही खाली ओढत म्हणाल्या. "क्रीम वाईट नाही ते. रुचासारख्या पोरींच्या कातडीला चालेल. आपली पातळ झालेली असते. तुमची माझी सारखीच, म्हणून माझ्यावर पाहिलं. तोंडाला लावलं असतं तर लग्नात तुम्ही पदर घेऊन बसला असता."

"मग सांगायचं नाही?"

"सुनेची पहिली भेट. तिचं नाव कशाला खराब करायचं?" मग म्हणाल्या, "आईला एकदा मी न तपासता क्रीम लावलं होतं. तिची कातडी दुधावरच्या सायीसारखी झाली होती शेवटी. आग झाली तरी तिने नुसता चेहरा भिंतीकडे फिरवला. तेव्हापासून आधी माझ्यावर."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलं नाही. "अहो, पण तुमच्या हाताचं काय?"

"माझं काय? मला कुठे फोटोत यायचंय?"

बायका गेल्यावर मी त्यांना चहाला थांबवलं. त्या तुकतुकीत गालाचं मनात अजून होतंच, म्हणून विचारून टाकलं, की तुम्ही स्वतः काय लावता.

"खोबरेल."

"एवढंच? पास केलेलं एवढं सगळं आहे की."

"ते तुमच्यासाठी पास. स्वतःचा माल स्वतः पास करायचा नसतो, लॅबचा नियम आहे. दुसऱ्याची सही लागते." त्यांनी कप खाली ठेवला. "आणि वर दुसरं आहे कोण?"

त्या गेल्या. मी ड्रॉवरमधून बॉलपेन काढलं. डाव्या हातावर, आतल्या बाजूने, तीन चौकोन आखले. एकात ओलाव्याचं क्रीम, एकात लाली, एकात फिकट गुलाबी लिपस्टिक, उल्हासनगरच्या फेरीत बाईंनी स्वतःच्या ओठांशी क्षणभर धरून परत ठेवली होती ती. ती मी त्याच दुपारी जाऊन आणली. तिन्ही चौकोनांवर नंबर लिहिला, ३०४. आमचे हे म्हणाले, "हातावर काय गोंदवून घेतलंस?" मी म्हटलं, "होल्डवर आहे."

रविवारी सकाळी हॉलच्या मागच्या खोलीत मी झोप झालेल्या चेहऱ्याने तयार होऊन बसले होते. निमकरबाई आल्या, माझा जबडा उजेडाकडे वळवून पाहिला, "पास" म्हणाल्या आणि निघाल्या. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि माझी बाही वर केली.

त्यांनी चष्मा बदलला. माझा हात खिडकीपाशी नेला. तिन्ही चौकोन एकेक करून पाहिले, अंगठ्याने दाबून पाहिले, नंबर वाचला. बाहेर भटजी मुलाच्या आईला बोलवत होते.

"किती तास झाले?" त्यांनी विचारलं.

"अठ्ठेचाळीस होऊन गेले."

"खाज?"

"नाही."

"आग?"

"नाही. पास, बाई. माझी सही."

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग डोळे मिटले आणि चेहरा माझ्यापुढे केला.