ओली बाही

हॅरोगेटला येऊन तिथल्या झऱ्याचं गंधकाचं पाणी प्यायलं नाही, तर मिसेस ॲक्रॉइडच्या मते ते येणंच नव्हे. हेझलने पेला तोंडाजवळ नेला आणि श्वास रोखला. नासक्या अंड्यांचा वास होता.

"एका दमात, पोरी. आमच्याकडे थेंब टाकत नाहीत."

नाही म्हणायची सोय नव्हती. संध्याकाळी क्लाइव्हशी तिचा साखरपुडा जाहीर व्हायचा होता आणि होणाऱ्या सासूबाईंनी, मिसेस ॲक्रॉइडनी, सकाळीच आपल्या जोडीतलं एक चांदीचं कडं तिच्या डाव्या मनगटात घातलं होतं. "जपून वापर. घरातली वस्तू आहे." क्लाइव्हची आधीची मैत्रीण हॉटेलात छत्री विसरली होती. तेव्हापासून ती आधीची झाली.

सासूबाई वळल्या तेवढ्यात हेझलने पेला कलता केला. पाणी जमिनीवर जायचं ते लोकरी बाहीत शिरलं.

क्लाइव्ह वाट पाहत होता त्या चहाच्या दुकानाशी पोचेपर्यंत बाहीखालचं कडं पिवळट झालं होतं, टेबल मिळेपर्यंत तपकिरी. तिने हात मांडीवर लपवला. वास लपेना. शेजारच्या म्हाताऱ्याने हवा हुंगली, आपल्या कुत्र्याकडे रागाने पाहिलं आणि खुर्ची सरकवली. वासाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. तशी तिथे पद्धत नव्हती. सासूबाईंनी तेवढी अंड्याची सँडविचं परत पाठवली.

"आजची दिसत नाहीत. हेझल, चहा तू ओत."

तिने उजव्या हाताने किटली उचलली.

"झाकण धर गं, पडेल. डावा हात दुखतोय का?"

"जरा गारठलाय."

"मग किटली गरमच आहे."

हेझलने झाकण धरलं. बाही मागे सरली. कडं कोळशासारखं काळं होतं.

"एका सकाळीत," सासूबाई हळूच म्हणाल्या. "छत्री निदान हरवली तरी होती."

"मी पाणी प्यायले नाही," हेझल म्हणाली. "बाहीत सांडलं."

क्लाइव्ह मात्र खुलला. "अगं आई, त्या पाण्याने चांदी काळी पडणारच, शाळेत केलंय आम्ही. म्हणजे खरं कडं हेच. आजी म्हणायची ना, जोडीतलं एक चांदीचं नि एक निकलचं. निकलला काही होत नाही. कुठलं कोणतं ते तुला ठाऊकच होतं म्हणा."

सासूबाईंनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. सकाळी दोन्ही कडी तळहातावर तोलून जड ते चांदीचं समजून त्यांनी स्वतः घातलं होतं. त्यांनी रुमाल काढला आणि हेझलची ओली बाही टिपू लागल्या, स्वतःचं कडं बाहीला घट्ट चिकटवून. चहा निवला तरी टिपतच होत्या. मग त्यांनी स्वतःचा हात उजेडात धरला. त्यांचं कडं सकाळी होतं तसंच लखलखत होतं.

"पोरी," त्या फार मायेने म्हणाल्या, "साखरपुड्याला काळं कडं बरं दिसत नाही. हे चकचकीत घाल तू. ते दे इकडे, मी घासून ठेवते."

हेझलने ओली बाही बोटांपर्यंत खाली ओढली.

"राहू दे. जपून वापर म्हणालात ना तुम्ही," ती म्हणाली. "साखर किती घालू?"