काथ्याचं चिलखत

आमच्या चाळीत पायपुसणं टिकत नाही. चोर म्हणाल तर चोर नाही, कारण चोर सांगून नेत नाही. धुरीकाका सांगून नेतात. भरदिवसा दार वाजवतात, चष्मा कपाळावर चढवतात, वाकून तुमच्या उंबऱ्यापुढचं काथ्याचं पायपुसणं हातानं चाचपतात आणि म्हणतात, "सुरेशा, ह्याच्यार पाय पुसतंस? मावळ्याची छाती ही." की गुंडाळलं, काखेत मारलं आणि चालले. बदल्यात जुन्या बनियनचा एक तुकडा ठेवून जातात. तेवढी नीतिमत्ता आहे त्यांच्याकडे.

धुरीकाका आमचे शेजारी. नाहूरच्या दुमजली चाळीत वरच्या मजल्यावर आमची खोली आणि भिंतीला भिंत लावून त्यांची. मूळचे मालवणकडचे. एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात सगळा जन्म काढला. काचेच्या बाटल्या पेंढ्यात गुंडाळायच्या, खोक्यात बसवायच्या आणि खोका कानाशी धरून हलवायचा. आत खुट्ट वाजलं की सगळं परत काढायचं. रिटायर झालेला माणूस एरवी पोथी वाचतो नाहीतर सुनेशी भांडतो. धुरीकाकांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी लग्न होऊन बडोद्याला. सून नशिबात नाही आणि पोथीत रस नाही. घरात अडवायला कोणी नसलं की माणूस वाट्टेल ते करू शकतो. धुरीकाका चिलखतं करायला बसले.

लोखंडाची नव्हेत हां. लोखंडाचं नाव काढलं की त्यांच्या कपाळावरची शीर फुगते. "लोखंड सरदारांचा. मावळ्याक लोखंड कोण देतलो?" असा त्यांचा रोकडा सवाल. मावळ्यानं जे अंगणात मिळालं तेच अंगावर घातलं: काथ्या, गोणपाट, कापूस, पेंढा आणि समुद्राकाठचा असेल तर माशाचे खवले. मी एकदा विचारलं, काका, याला पुरावा काय? म्हणाले, बखरीत आहे. कुठल्या बखरीत? तर म्हणे, जी जळली तीत. आता जळलेल्या बखरीपुढे तुम्ही-आम्ही काय बोलणार, कपाळ?

त्यांचं तत्त्वज्ञानही पॅकिंग खात्यातलंच होतं. "माणूस म्हणजे बाटली रे," असं ते दिवसातून निदान एकदा तरी म्हणत. आमच्याकडे थोरल्याचा ताप उतरत नव्हता तेव्हा बघायला आले आणि त्याच्या उशाशी बसून हेच म्हणाले. आमच्या हिनं त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

आता कृती ऐका. पायपुसणं उसवून त्याची सुंभं मोकळी करायची, गोणपाटाच्या दोन थरांत पेंढा भरून त्यावर ती आडवी-उभी शिवायची आणि मग चिंचोक्याची खळ. ही खळ ते आमच्या सामाईक गॅलरीत स्टोव्हवर शिजवत. वरून घोळ माशाचे रुपयाएवढाले खवले एकावर एक चिकटवायचे. खवल्यांसाठी त्यांनी मासेवाली गंगूबाई गाठली. ती बापडी रोज टोपलीच्या तळाला खवले राखून ठेवायची. तिचा समज असा की म्हाताऱ्याला मासे परवडत नाहीत म्हणून बिचारा खवल्यांचं कालवण करतो. एकदा तिला राहवलं नाही, तिनं वर दोन बोंबील फुकट घातले. काकांनी बोंबील परत केले आणि खवले कमी दिले म्हणून तिच्याशी भांडले.

पहिलं चिलखत तयार झालं आणि चाळीची वाट लागली. आजूबाजूच्या सगळ्या मांजरांनी आमच्या गॅलरीत मुक्काम हलवला. मांजरं खवल्यांवर, उंदीर खळीवर. डावा खांदा उंदरांनी एका आठवड्यात खाल्ला. उरलं ते पावसाळ्यात दमट होऊन काखेत अळंबी उगवली. मी दाखवली तर काका हरखले. म्हणाले, लोखंडाला कधी अळंबी आलेली बघितली आहेस का?

मग परीक्षा. कोपऱ्यावरच्या शहाळेवाल्याला कोयत्यासकट वर बोलावलं. केळीचा खांब आणून त्याला दुसरं चिलखत घातलं, चाळ गोळा केली आणि वार करायला सांगितला. शहाळेवाला आधी लाजला, मग त्यानं असा काही कोयता हाणला की खांब आडवा झाला. काका धावले. चिलखत खरोखरच शाबूत होतं, सुंभ तुटलं नव्हतं. आतल्या केळीच्या खांबाचा मात्र लगदा झाला होता. मी म्हटलं, काका, शिपाई मेला की हो तुमचा. ते शांतपणे म्हणाले, "शिपायाचा मी बोलूक नाय. पॅकिंगाक ओरखडो नाय, बघ."

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्या चिलखताच्या गाठी! त्या पाठीला होत्या. मानेपासून कमरेपर्यंत सुंभाच्या डझनभर गाठी, आणि घालणाऱ्याचा हात एकीलाही पोचत नाही. दर रविवारी सकाळी काका चिलखतात हात घालून, पाठ उघडी टाकून आपल्या दारात उभे राहायचे आणि हाक मारायचे, "सुरेशा, बांधूक ये रे!" अंगाला सवय हवी, चिलखत अंगावर मुरावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. मी नसलो तर समोरचे कदम, कदम नसले तर खालचा इस्त्रीवाला. पण भिंतीला भिंत माझी, त्यामुळे बळीचा बकरा बहुतेक मीच.

आठवड्याची एक सुट्टी. मटणाच्या दुकानात रांग वाढत असायची, न्हावी दुसऱ्याला बसवून घ्यायचा आणि मी इथं म्हाताऱ्याच्या पाठीशी गाठी मारत उभा. बरं, नुसत्या गाठी नव्हे. पहिली गाठ झाली की स्टोव्हवर चहा चढायचा. तिसऱ्या गाठीला ऑफिसात साहेब कसा वागतो याची चौकशी. पाचवीला माझ्या आईचा गुडघा. त्यानंतर खाज्याचा पुडा निघायचा, तो नको म्हणायची सोय नव्हती. बरं, बांधून सुटका नाही, सोडायलाही माणूस लागणारच. सगळं उरकेपर्यंत उन्हं डोक्यावर आणि दुकानात नुसती हाडं. आमची ही म्हणायची, "त्या धुरींना दत्तक का घेत नाही तुम्ही? निदान रेशनकार्डावर साखर तरी वाढेल."

मी कितीदा तरी सांगून बघितलं की गाठी पुढे घ्या, छातीवर, म्हणजे तुमचे तुम्हाला बांधता येतील. त्यावर ते पाठ ताठ करून म्हणायचे, "मावळ्याची पाठ सोबत्याच्या हातात. इतिहास हा तो." आणि मी निमूटपणे पुढची गाठ घ्यायचो.

या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे शिवजयंतीच्या मिरवणुकीत आपलं चिलखत अंगावर घालून चालायचं. वैशाखातली आमच्या मंडळाची मिरवणूक म्हणजे ट्रकवर महाराज आणि पुढे चालणारे दहा-बारा मावळे. मावळ्यांचे कपडे दादरहून भाड्यानं यायचे, पुठ्ठ्याला चंदेरी कागद लावलेली चिलखतं. ती बघून काका दोन दिवस जेवत नसत. दरवर्षी मंडळाच्या बैठकीला जाऊन हात वर करायचे आणि दरवर्षी पोरं वासाचं कारण सांगून त्यांना बसवायची. मला विचाराल तर पोरांचं बरोबर होतं.

पण त्या वर्षी बाळा मयेकर मंडळाचा अध्यक्ष झाला. पोरगा तोंडाचा फटकळ, पण मनानं बरा. तो म्हणाला, काका, चालेल, या वर्षी तुम्ही सगळ्यात पुढे चालायचं. बैठकीत टाळ्या पडल्या. काकांनी नवीन चिलखत घेतलं करायला. या वेळी खवले लिंबाच्या पाण्यात भिजवले, खळीत कडुनिंबाचा पाला घातला, आणि गॅलरीतून कोणी गेलं की थांबवून वास घ्यायला लावायचे. बायकांनाही. महिनाभर म्हातारा शीळ घालत होता.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली. मैदानात लेझीम घेऊन पोरं तयार, काका पुढे. चार पावलं चालले आणि मधल्या गाठी सुटल्या. मी धावत जाऊन बांधल्या. पुन्हा पन्नास पावलं, पुन्हा तेच. बाळा वैतागला. त्यानं सरळ सांगितलं, "काका, गाठी पुढे घ्या. आज रात्रीत शिवा, उद्या चला. नाहीतर राहू दे. दर चौकात मिरवणूक थांबवून तुम्हाला कोण बांधत बसणार, यार?"

बोलण्यात काही चूक नव्हती. एक सुई, थोडं सुंभ आणि तासाभराचं काम. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला ते पुढ्यात आलं होतं. काका उभे राहिले, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "इतिहास बदलूचो नाय," आणि पाठ उघडी तशीच घेऊन मैदानातून निघून गेले. पोरं फिदीफिदी हसली. मीही हसलो. खोटं कशाला बोला, मला संतापही आला होता. सुंभ जळलं तरी पीळ जात नाही म्हणतात, तर इथं सुंभाचाच कारखाना.

दुसऱ्या दिवशी रविवार. मुलांना उन्हाळ्याची सुट्टी होती, त्यांना घेऊन सकाळीच कोटातल्या म्युझियममध्ये गेलो. पेंढा भरलेले वाघ बघितले, मूर्ती बघितल्या आणि शस्त्रांच्या दालनात एका काचेच्या कपाटापुढे माझे पाय थांबले. आत एक जुना जाड डगला होता. लोखंडाचा एक खिळा नाही, नुसता कापूस भरून टाके घातलेला, लढाईत घालायचा. आणि त्याच्या गाठी पुढे. छातीवर, ओळीनं, स्वच्छ दिसत होत्या. मला इतका आनंद झाला की मी मुलांना आइस्क्रीम घेतलं. म्हाताऱ्याचा इतिहास मी आज त्याच्या तोंडावर मारणार होतो. आणि खरं सांगायचं तर मनात असंही होतं की अजून वेळ आहे, मिरवणूक संध्याकाळची, पुढे गाठी शिवून घेतल्या तर म्हातारा चालेल.

दुपारी उशिरा घरी आलो, चपला न काढता थेट त्यांच्या खोलीत शिरलो. दार सताड उघडं. काका चिलखतात हात घालून, दाराकडे पाठ करून स्टुलावर बसलेले. गाठी सगळ्या मोकळ्या लोंबत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं. कपाट, डगला, गाठी. म्हटलं, इतिहासच परवानगी देतोय, आता तरी सुई घ्या हातात.

त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही.

"माका म्हायत आसा," ते म्हणाले. "रिटायर झालंय त्या आठवड्यात वेळ जाईना म्हणान थंय गेलंय. त्याच कपाटासमोर उभो होतंय. थंयच ह्या खूळ डोक्यात शिरला. गाठी फुडेच आसत."

मग पाठीला का घेतल्या, असं मी विचारलं. चांगलं ओरडूनच विचारलं.

"फुडे घेतलंय तर माज्या घराक कोण येतलो रे, सुरेशा?"

एवढी वर्षं भिंतीला भिंत लावून राहतो, पलीकडून स्टोव्हचा आवाज, खोकल्याचा आवाज सगळं ऐकू येतं, आणि मला वाटत होतं की म्हातारा मला छळतोय. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. काहीतरी करायला हवं म्हणून म्हटलं, चला काका, मी बाळाला सांगतो, मी तुमच्या मागून चालतो, गाठी धरून चालतो, मिरवणूक थांबणार नाही.

"नको रे," ते म्हणाले. "मिरवणूक काय, एका सांजेची. तू आपलो रविवारी येत जा."

खाली ताशा सुरू झाला. गॅलरीत बायका-पोरं जमली, कोणीतरी माझ्या नावानं हाका मारत होतं. मी मानेजवळची पहिली गाठ घेतली. काकांनी मुलांनी म्युझियममध्ये काय काय बघितलं ते विचारलं. मी वाघापासून सुरुवात केली. मग मूर्ती, मग धाकट्यानं आइस्क्रीम सदऱ्यावर कसं सांडलं ते. ताशा चाळीसमोर आला, थांबला, पुढे गेला. "जा तू, तुझी मिरवणूक चुकतली," काका मध्येच म्हणाले. मी म्हटलं, जाऊ दे.

शेवटची गाठ कमरेची. ती चांगली घट्ट बसली होती. "ही सैल झाली हो काका," असं म्हणून मी ती सोडली, आणि तिच्या वरचीही सोडली.