माईंच्या मुठीतली चिठ्ठी

"पोर सांभाळायला अक्कल लागते, कागद नाही!" माईंनी सकाळी सुनेला ठणकावून सांगितलं. सांगून झाल्यावर चहा असा काही भुरकला की जणू खटलाच जिंकला!

सूनबाई दवाखान्यात नर्स. पोरगं उठायच्या आत तिची ड्यूटी सुरू. म्हणून ती फ्रिजवर चिठ्ठी चिकटवून जायची आणि शाळेतून आलेला टिल्लू साखरेच्या डब्याखाली उत्तर ठेवायचा. माईंना हे बघवत नसे. धडधाकट आजी घरात असताना मायलेकरांनी पोस्ट ऑफिस थाटावं? "निरोप मला सांग की! मी काय मुकी आहे?" मुकी! माई जिन्यात बोलल्या की गच्चीवरची कबुतरं उडत.

चिठ्ठ्या मात्र त्यांनी कधी उघडल्या नव्हत्या. एक तर मान आडवा यायचा, दुसरं म्हणजे अक्षरं. शाळेशी माईंचं लहानपणीच बिनसलं होतं.

त्या दुपारी टिल्लूला जेवू घालून त्या जरा आडव्या झाल्या. मालिकेच्या वेळेला जाग आली, तर घर कसं गप्प! सात वर्षांचं पोर असलेलं घर गप्प असणं म्हणजे उतू जाणारं दूध गप्प असण्यासारखं. खोलीत नाही, न्हाणीघरात नाही. दारातली चप्पलही नाही! माईंचा हात आपोआप साखरेच्या डब्याकडे गेला.

चष्मा चढवून त्यांनी एकेक अक्षर बोटानं दाबून धरलं, सुटून जाईल म्हणून.

'आई, मी चाललो. आजी मला रोज दाबते. ऐकलं नाही की हातावर आपटते. काल पाठीत बुक्की मारली. माझ्या अंगात आता जीव नाही. मला वाचव.'

माईंच्या पायाखालची फरशीच सरकली. बुक्की? त्यांनी? उभ्या जन्मात पोराला बोट लावलं नव्हतं! ओरडल्या असतील. बऱ्याचदा. रोजच, म्हणा ना.

चिठ्ठी मुठीत आवळून त्या अनवाणीच जिना उतरल्या. "अहो, माझा टिल्लू गेला हो!"

दारं उघडली. समोरचे वकीलसाहेब बनियनवर धावत आले. "आधी ती चिठ्ठी द्या इकडे."

"देणार नाही! लेकराच्या हातची आहे!" माईंनी मूठ अर्धीच उघडली. वकिलांनी मान वाकडी करून मुठीतच वाचायला सुरुवात केली, तेही कोर्टातल्या आवाजात. "आजी... मला... रोज... दाबते..."

अख्खा जिना माईंकडे बघायला लागला.

"तरीच!" खालच्या मजल्यावरची शिंपीण म्हणाली. "रोज दुपारी आवाज येतो मला. पट्, पट्, पट्! वाटायचं, माई उशा झटकताहेत."

"अगं भवाने, मी कशाला मारू त्याला?"

"माई, आता काही बोलू नका," वकील हळूच म्हणाले. "तुमचं बोलणं तुमच्याच अंगाशी येईल."

वॉचमनला रस्त्यावर पिटाळलं, शिंपिणीचा नवरा शाळेकडे पळाला. माई पायरीवर बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बोलायला शब्द सापडेना. येऊ दे बाबा एकदा घरी. लिही म्हणावं भिंतीभर. आवाज चढवणार नाही.

तेवढ्यात फाटकातून सूनबाई आली. माईंनी मूठ पुढे केली. सूनबाईनं ती बोट बोट करून उघडली, चिठ्ठी वाचली आणि शांतपणे विचारलं, "माई, रिमोट कुठंय?"

"पोर गेलंय आणि तुला टीव्ही सुचतोय?" माईंचा आवाज परत आला. कबुतरं उडाली.

सूनबाईनं कागद उलटा केला. मागे लिहिलं होतं, 'माझ्या पोटात नवे सेल घाल. तुझा लाडका, रिमोट.'

"अहो माई, आम्ही वस्तूंच्या नावानं लिहितो. सकाळी मी दुधाचा पेला असते, दुपारी तो काहीही असतो!"

वकिलांना अचानक आपल्या बनियनची लाज वाटली.

सूनबाई तडक इमारतीखालच्या विजेच्या वस्तू दुरुस्त करणाऱ्या दुकानात शिरली. त्याच दुकानासमोरून वॉचमन 'टिल्लू, टिल्लू' करत दोनदा गेला होता! आतल्या मिक्सरच्या घरघरीत ऐकतो कोण? काउंटरमागे, जमिनीवर मांडी घालून, टिल्लू रिमोटचं ऑपरेशन बघत बसला होता.

"आजी, आता आपटायला नको," तो म्हणाला. "बरा झालाय तो."

माईंनी त्याला इतकं घट्ट धरलं की तो ओरडला, "आजी, दाबू नकोस!"

"बघा!" शिंपीण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माईंच्या चहाच्या डब्यावरच एक चिठ्ठी होती. 'माई, मलाही तुमची बोलणी रोज खावी लागतात. पण मी कुठं जाणार नाही.'

माईंनी शहाण्यासारखा आधी कागद उलटा केला. मागे सहीच नव्हती! आणि अक्षर म्हणाल, तर माईंना सगळी अक्षरं सारखीच.

तेव्हापासून त्या घरातल्या एकूण एक वस्तूशी गोड बोलतात. कढईशी, दाराशी, मोरीतल्या बादलीशी. सुनेशीसुद्धा! सही कुणाची राहिली होती, कुणी सांगावं?